पुरुषगणतीतलं छत्तिसावं घर

१

"ही टिकेल गं. हिला आवाजच नाही."

सासूबाई आतल्या खोलीत फोनवर त्यांच्या बहिणीला सांगत होत्या. मी दाराबाहेर जाजमाची घडी घालत होते. लग्नाला एकोणीस दिवस झाले होते. वाईट वाटलं असं काही म्हणता येणार नाही. एस्किशेहिरला, माहेरी, माझी आईही हेच म्हणायची. फक्त तिच्या सुरात काळजी असायची आणि सासूबाईंच्या सुरात सुटका होती. मी घडी दोनदा मोडून पुन्हा घातली आणि फोन ठेवल्याचा आवाज आल्यावर पाय वाजवत आत गेले.

सुलुबागमध्ये नवी सून सासऱ्यांशी बोलत नाही. पहिलं मूल होईपर्यंत तरी नाही. बहुतेक घरांनी ही चाल केव्हाच सोडली. पण माझे सासरे, वेफा होजा, म्हणजे गावाचे मास्तर. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गाव त्यांना होजाच म्हणतं, आणि मास्तरांच्या घरात चाली जरा जास्त दिवस जगतात. "उन्हाळ्यापर्यंत सांभाळून घे, बेर्गुझार," माझा नवरा तुर्हान लग्नाआधी म्हणाला होता. "पुढचं मी बघतो." तो गुरांचा डॉक्टर. त्याला वाटतं, सगळी दुखणी उन्हाळ्यापर्यंत बरी होतात. मी हो म्हटलं. तशीही मी घरातल्या मांजरापेक्षा जास्त बोलणारी नव्हते.

सासूबाईंनी खुणा शिकवल्या. मूठ छातीशी नेली की चहा. तळहात जमिनीकडे केला की जेवण वाढलंय. दोन बोटं खांद्याला लावली की दारात कुणी आलंय. "मी सात वर्षं अशीच काढली," त्या म्हणाल्या. "तुर्हान उशिरा झाला ना." हे त्यांनी पोस्टातल्या रांगेबद्दल सांगावं तसं सांगितलं.

२

मला या घरात एक काम होतं, आणि बहुधा त्याच कामासाठी मला पसंत केलं होतं. मी जुन्या सरकारी कागदांच्या कचेरीत तीन वर्षं नोकरी केली. मला तुर्कीची जुनी अरबी लिपी वाचता येते. मुलगी बघायला आले तेव्हा होजांनी खिशातून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे धरली होती. मी ती वाचून दाखवली. ते सासूबाईंना म्हणाले, "झालं. आता चहा घेऊ."

ती झेरॉक्स एका पुरुषगणतीची होती. पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारचा कारकून गावोगाव फिरला आणि त्याने पुरुष मोजले, सैन्यासाठी आणि करासाठी. प्रत्येक घराला नंबर, नंबराखाली पुरुष. लोहार हागोप, मध्यम उंची, करडी दाढी, वय पन्नास. मुलगा मिसाक, मिसरूड फुटलेला. दुसरा मुलगा, वय दोन. तेवढंच. दोन वर्षांचं पोर आहे आणि त्याची आई नाही. ओळीमागून ओळी अशाच, जणू या गावात पुरुष झाडाला लागत होते.

हे सगळं मी रोज दुपारी कॉम्प्युटरवर उतरवत असे. होजा गावाचा इतिहास लिहीत होते. नगरपालिका जुन्या हमामखान्याची डागडुजी करून तिथे संगमरवरी फलक लावणार होती, आणि फलकावरची एक जागा कोरी होती: सुलुबागमध्ये पूर्वी किती आर्मेनियन राहत होते.

भांडण या आकड्याचं होतं. ते कुठे गेले याचं नव्हतं. ते एका उन्हाळ्यात गेले. गेले म्हणजे नेले, आणि पोचले नाहीत. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर कुणी भांडत नाही.

माझी बसायची जागा मागच्या खोलीत होती. टेबल भिंतीला लावलेलं. भिंतीपलीकडे तंदूरघर: जमिनीत खोल पुरलेला मातीचा तंदूर, पूर्वी त्याच्याभोवती बसून बायका महिन्याच्या रोट्या भाजत. बेकरीचा पाव यायला लागल्यापासून तिथे कोळशाची पोती आणि तुर्हानची लहानपणची सायकल पडून होती. भिंतीत माझ्या खांद्याच्या उंचीवर एक लहान खिडकी होती, लाकडी झडपेची. गरम रोट्या त्यातून इकडे देत असत. झडपेला कडी होती आणि कडीवर रंगाचे इतके थर चढले होते की ती भिंतीचाच भाग वाटे.

घर होजांच्या आजोबांनी घेतलेलं. 'घेतलं' हे क्रियापद या गावात बरंच काम करतं.

३

मार्च लागला होता, बर्फ वितळत होतं. मी चौथं घर उतरवून संपवलं आणि खालच्या ओळीवर आले, तेव्हा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. ओल्या पिठाचा गोळा दोन तळहातांत थापताना येतो तसा. थप, थप, थप. तीनदा. मग बंद.

छपरावरून बर्फ घसरलं असेल, असं मी म्हटलं. पाचवं घर संपलं, पाचदा. सहावं संपलं, दोनदा. शेजारीण गाद्या झोडत असेल. मी उठले, चहा केला, परत येऊन दहा मिनिटं हात मांडीवर ठेवून नुसती बसले. काही नाही. खिडकीबाहेर पागोळ्या आपल्या चालीने गळत होत्या. मग मी सातवं घर उतरवलं, शिंपी बोघोस, उंच, काळी दाढी, आणि दोन मुलगे. चारदा.

बर्फाला घराचे नंबर कळत नाहीत.

मी अंगणातून फेरी घालून तंदूरघराचं दार उघडलं. कोळसा, सायकल, तंदूरावर दगडी झाकण. झाकणावरच्या धुळीत कुणाचं बोट उमटलेलं नव्हतं. थंडी इतकी की श्वासाची वाफ दिसत होती, आणि ती एकटी माझीच होती. मी दार लावलं. स्वयंपाकघरावरून जाताना लक्षात आलं की सासूबाईंचा रेडिओ मोठ्याने लावलेला आहे. तो दुपारच्या जेवणानंतर रोजच मोठ्याने असे. शेतीभावाच्या बातम्या इतक्या जोरात कुणी ऐकत नाही, हे माझ्या मनात आधी कधी आलंच नव्हतं.

४

गुरुवारी रिफ्कीबे आले. गावातलं पहिलं औषधांचं दुकान त्यांचं; आता ते मुलगा चालवतो आणि ते होजांशी भांडतात. त्यांच्याजवळही एक यादी होती. मार्सेलहून एक बाई तिच्या पणजोबांची गिरणी शोधत आली होती, तिने दिलेली. त्याच काळातल्या इथल्या पाद्र्याच्या वहीची नक्कल, कुणीतरी भाषांतर केलेली.

"बासष्ट घरं," होजा म्हणाले. "सरकारी मोजणी. शिक्का आहे."

"तीनशे दहा," रिफ्कीबे म्हणाले. "देवाघरची मोजणी. शिक्का नाही, पण पाद्री प्रत्येकाला नावानिशी ओळखायचा."

"पाद्र्याची वही. दर घरामागे वर्गणी मिळायची त्याला, घरं वाढवून लिहिणारच."

"आणि तुझा कारकून. लोक कर चुकवायला पोरं माळ्यावर लपवायचे, तो खाली बसून मुर्ग खायचा. तुझ्या हिशोबाने या गावात माणसं नव्हतीच रे, नुसती तुतीची झाडं होती."

"आणि तुझ्या हिशोबाने माणसं खुंटीला टांगून ठेवत होते."

हे मी तेव्हाच सहाव्यांदा ऐकत होते. मी चहा दिला. रिफ्कीबे माझ्याकडे बघून म्हणाले, "पाद्र्याच्या यादीत बायका तरी आहेत, पोरी. तुझ्या सासऱ्याच्या यादीत तेवढंही नाही." मग जरा थांबून, "सगळ्या नाहीत म्हणा. सुनेला मूल झाल्याशिवाय पाद्री वहीत घ्यायचा नाही. तोवर ती माहेरची नाही आणि इथलीही नाही. त्यांच्यातही सुना तोंड बांधून गप्प बसायच्या. ही चाल आपण त्यांच्याकडून घेतली की त्यांनी आपल्याकडून, ते होजाला विचार. त्यावरही भांडेल."

"तिला काय सांगतोस," होजा म्हणाले. "ती बोलत नाही."

"म्हणून तर सांगतोय. तू मध्ये बोलतोस."

खरं म्हणजे माझ्याकडे बोलण्यासारखं होतं. बासष्ट हा आकडा चुकीचा होता. तो फक्त वरच्या आळीचा होता. होजांनी आळीची बेरीज गावाची समजून घेतली होती; पुढची पानं त्यांना नीट लागली नव्हती आणि खालच्या दोन आळ्या त्यांनी दुसऱ्याच गावात टाकल्या होत्या. चौदा वर्षांचं पुस्तक त्या बासष्टांवर उभं होतं. त्या सकाळीच मी एक चिठ्ठी लिहून पानात ठेवली होती: ही बेरीज एकाच आळीची आहे.

रिफ्कीबे गेल्यावर होजांनी चिठ्ठी वाचली, चार घड्या केल्या, आणि मी समोर उभी असताना सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईला सांग, तिला वाचायला सांगितलंय. मोजायला नाही."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "वाचायला सांगितलंय म्हणतात," त्या म्हणाल्या.

५

रिफ्कीबे यादी ठेवून गेले होते. "बघ दोन दिवस, शाई चाटून बघ हवी तर." होजांनी ती वर्तमानपत्राखाली सारली. मी ती वर्तमानपत्राखालून काढली.

तोवर मी आवाज मोजून पेन्सिलीने नोंदवायला लागले होते. समासात, बारीक. माझं मन म्हणत होतं, मोजलं की यात काही मेळ नाही हे कळेल आणि विषय संपेल. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. लोहार हागोपच्या घरी पाद्र्याच्या यादीत बायका दोन. माझ्या नोंदीत तीन. शिंपी बोघोसकडे तीन, माझ्याकडे चार. कुठे यादी आणि नोंद तंतोतंत. म्हणजे मेळ अर्धाच होता, आणि मला हायसं वाटलं. एक दुपार वाटलं.

मग ज्या घरांत फरक होता ती वेगळी काढली. तेरा घरं. तेराही घरांत एक मोठा मुलगा होता, मिसरूड फुटलेला किंवा दाढी आलेला, आणि त्याच्या पुढे ना बायको, ना मूल. फरक प्रत्येक ठिकाणी एकाचाच.

सरकारी यादीत एकही बाई नव्हती. पाद्र्याच्या यादीत नवी सून नव्हती. माझ्या नोंदीत सगळ्या होत्या. या आळीचा सगळ्यांत पूर्ण आधार माझ्यापाशी होता आणि त्याची तळटीप कशी द्यावी हे मला कुठल्याच कचेरीत शिकवलं नव्हतं.

मी खूप थकले होते. भीती अशी वाटत नव्हती. दिवसभर लोकांच्या गर्दीत उभं राहून घरी आल्यावर वाटतं तसं वाटत होतं.

६

त्या रविवारी आईचा फोन आला. मी म्हटलं, "बरी आहे." आई म्हणाली, "हॅलो?" मी पुन्हा म्हटलं. आई म्हणाली, "हॅलो? बेर्गुझार? रेंज नाही वाटतं तुमच्याकडे," आणि ठेवला. रेंज पूर्ण होती.

रात्री जेवताना तुर्हानने विचारलं, भात आणखी आहे का. मी सांगितलं आहे. त्याने पुन्हा विचारलं. मी हाताने भांड्याकडे दाखवलं. "आता मलाही खुणा कळायला लागल्या," तो हसून म्हणाला. "सोयीचं आहे हे." मी मोठ्याने म्हटलं, "तुर्हान, मी आत्ताच बोलले होते." तो माझ्याकडे प्रेमाने बघत चावत राहिला.

मंगळवारी सरकारी दवाखान्यातली नर्स दारात आली. लसीच्या यादीसाठी घराची नोंद करत होती. होजा पुढे झाले, मी त्यांच्यामागे दोन हातांवर उभी होते.

"किती माणसं, होजा?"

"तिघं," होजा म्हणाले.

ते मला विसरले असं मला वाटत नाही. गेली चौदा वर्षं ते ज्या यादीत राहत होते तिच्या हिशोबाने सुद्धा तिघं होत नव्हते, दोनच झाले असते. तोंडून निघून गेलं, एवढंच. नर्सने तीन लिहिलं. मी हात वर केला. ती माझ्या खांद्यावरून आतल्या भिंतीकडे बघत म्हणाली, "घर छान गार असेल हो उन्हाळ्यात," आणि निघून गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई रेडिओचं बटण पिळत होत्या.

"तुम्हालाही ऐकू येतं," मी म्हटलं. तीनदा म्हणावं लागलं. शेवटी मी एक तळहात दुसऱ्यावर थापला.

त्यांनी रेडिओ बारीक केला. बराच वेळ ओट्यावरचा एकच डाग पुसला. "घर जुनं आहे. वाजतं."

मी हलले नाही.

"मी मोजत नव्हते," त्या म्हणाल्या. "मोजलं की सांगावंसं वाटतं. आणि सांगायची सोय कुठे होती? ह्यांच्याशी बोलायचं नाही. माझ्या सासूला सांगितलं तर ती म्हणाली, काम कमी पडतंय तुला."

मी हाताने विचारलं, मग थांबलं कधी.

"तुर्हान झाला तेव्हा. काय रडायचा, बाई. त्याच्या आवाजापुढे काही ऐकूच यायचं नाही. आणि मला सगळ्यांवर ओरडावं लागायचं, म्हणून माझा आवाज परत आला." त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या, आणि लगेच हसू पुसून टाकलं. "सातव्या वर्षी दळणवाल्याने मला दारात उभी असताना विचारलं, घरात कुणी आहे का. तेव्हा मी पोटुशी होते म्हणून वाचले. नाहीतर काय झालं असतं, कुणास ठाऊक. खिडकी उघडू नकोस."

"तुम्ही उघडली होती?"

हे त्यांना ऐकू आलं की नाही, मला कळलं नाही. त्यांनी रेडिओ मोठा केला होता.

मला सात वर्षं नव्हती. माझ्या हिशोबाने आणखी एक महिनाही नव्हता.

७

पस्तीस घरं झाली होती. छत्तिसावं ओढ्याकाठी, वरच्या आळीच्या टोकाला, जिथून नंबर दुसऱ्या बाजूने परत फिरतात, गिरणीच्या वरच्या अंगाला. वरच्या आळीच्या टोकाला आजही एकच जुनं घर आहे. मी त्यात बसून टाइप करत होते.

गिरणीवाला गारबीस, ठेंगणा, पांढरी दाढी, वय साठ. मुलगा, काळी दाढी. मुलगा, काळी दाढी. नातू, नातू, नातू. धाकटा मुलगा वाहान, मिसरूड फुटलेला. पाद्र्याच्या यादीत बायका सहा. वाहानच्या पुढे काही नाही.

मी शेवटची ओळ संपवली. एक, दोन, तीन. मी पेन्सिल हातात घेतली. चार, पाच, सहा. मग त्या तेरा घरांतल्याप्रमाणे किंचित उशिरा, जरा हलक्या हाताने, सात.

थांबलं. मी सातचा आकडा लिहिला.

थप.

आठवा आवाज भिंतीपलीकडून आला नव्हता. माझा डावा तळहात टेबलावर उताणा पडला होता आणि उजवा त्याच्यावर होता. दोन्ही झणझणत होते.

सासूबाईंनी उघडू नकोस म्हटलं होतं. पण जुन्या कागदांत तीन वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते: मूळ प्रत पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी कागद कापायच्या सुरीने कडीवरचे रंगाचे थर खरवडले. कडी अगदी सहज निघाली. बाहेर लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरात रेडिओ बार्लीचे भाव सांगत होता. मी झडप चार बोटं उघडली.

तंदूराभोवती त्या बसल्या होत्या. गुडघ्याला गुडघा लावून, गोल. तोंडावरून घेतलेल्या फडक्यांच्या गाठी मानेवर दिसत होत्या. प्रत्येकीची गाठ, प्रत्येकीची पाठ. हे पुरतं ध्यानात यायला मला एक श्वास लागला. गोल बसलेल्या माणसांतल्या समोरच्यांची तोंडं दिसायला हवीत. समोरच्यांच्याही मला पाठीच दिसत होत्या.

मी मोजल्या. सवयच लागली होती. सहा, आणि खिडकीच्या सगळ्यांत जवळची, बारीक खांद्यांची, सातवी. ती वळली नाही. तिने फक्त घागऱ्याचा घोळ हाताने गोळा केला आणि बाजूला सरकली. तिच्या पलीकडचीही थोडी सरकली. एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी जागा झाली.

त्या हालचालीत धमकावणी नव्हती. लग्नघरात पंगतीला आपल्याला उशीर झाला की ओळखीची बाई सरकून देते, तसं होतं ते. आणि माझे पाय खरोखरच दुखत होते. हे मी आजही कुणाला सांगत नाही: मला बसावंसं वाटलं.

मी झडप लावली. कडी घातली. उतरवलेला मजकूर जपून ठेवला, कॉम्प्युटर बंद केला, आणि संध्याकाळी भेंडी चिरली. तुर्हान आल्यावर त्याने स्वयंपाकघरात डोकावून आईला विचारलं, "बेर्गुझार कुठाय?" मी त्यांच्या दोघांच्या मध्ये उभी होते.

८

दुसऱ्या दिवशी गुरुवार. नगरपालिकेचे हिकमेतबेही आले होते. संगमरवर आला होता, कारागीर सोमवारी यायचा होता.

"मला आकडा द्या, होजा," हिकमेतबे म्हणाले. ते दमलेले होते. हमामखान्याची गळती थांबत नव्हती. "एकच द्या. फलकावर दोन आकडे शोभत नाहीत."

"बासष्ट घरं."

"तीनशे दहा."

"मग मधलं घेऊ," हिकमेतबे म्हणाले. "एकशे ऐंशी. कुणाचंच मन मोडायला नको."

"मी मधल्यावर सही करत नाही," होजा म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता. मग ते म्हणाले, "घरं एकशे ऐंशी धरलीत तर माणसं चारने गुणा."

"पाचने," रिफ्कीबे म्हणाले. "त्या काळी पाचच धरतात. सगळीकडे पाच धरतात."

"सरकारने पुरुष लिहिलेत. तेवढ्याच बायका धरल्या तर चारच्या वर जात नाही."

"तेवढ्याच का? तू मोजल्यास?"

"तू मोजल्यास?"

"साडेचार," हिकमेतबे म्हणाले आणि कागदावर गुणाकार मांडायला लागले. "साडेचारला दोघांची हरकत नाही ना?"

मी चहाचं तबक घेऊन दारात उभी होते. मागच्या खोलीत कॉम्प्युटर बंद होता, कुणी काही टाइप करत नव्हतं, तरी थापणं सुरू झालं होतं. या खेपेला घरागणिक थांबत नव्हतं. आळीच्या एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाकडे जावं तसं सलग चाललं होतं. तिघांपैकी कुणी मान वर केली नाही. स्वयंपाकघरातला रेडिओ मात्र एकदम बंद झाला आणि सासूबाई ओले हात तसेच धरून बोळात येऊन उभ्या राहिल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना दिसत होते, निदान त्यांना.

आता बोलले तर होजांच्या चौदा वर्षांवर पाणी, आणि या घरात माझी जागा कुठे राहील याचा भरवसा नाही. न बोलले तर जागा पक्की होती. ती मी पाहिली होती.

तबक टेबलावर ठेवताना माझी मूठ आपोआप छातीशी गेली. चहा. मी ती मूठ दुसऱ्या हाताने धरून खाली ओढली. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं, आणि घशातून एक खरखर निघाली, गंजलेल्या बिजागरीसारखी.

रिफ्कीबेंनी कानामागे हात धरला. "काय गं, पोरी?"

होजा माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले, "विचार तिला, साखर विसरली का."

"गुणू नका, बाबा," मी म्हणाले. "उठा आणि आत जाऊन मोजा. त्या बायका तंदूरघरात बसल्यात. आणि मोजताना मला इकडे धरा."